मनातलं विचारा : बोटाकडे बघून मनाची जखम बरी होते का?

मागच्या अंकात अपघातानंतरच्या भीतीबद्दल लिहिताना ईएमडीआर या उपचाराचा उल्लेख केला होता, जेमतेम दोन ओळी, की डोळ्यांची हालचाल करवून घेत मनावरच्या आघातावर काम करायची एक पद्धत आहे म्हणून. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच देतेय. नाव कोणाचंच छापलेलं नाही, तालुका तेवढा ठेवलाय, आणि ओळख लागेल असं जे होतं ते बदललंय. पत्रं लांब होती ती छोटी केलीत, पण शब्द शक्यतो त्यांचेच.

ताई, नमस्कार. माझे मिस्टर पिकअप चालवायचे. आठ महिन्यांपूर्वी कापूस खाली करून रात्री परत येताना हायवेवर पुढे ट्रॉली उभी होती, तिला ना लाइट ना रिफ्लेक्टर, ती दिसलीच नाही. शेजारी बसलेले माझे चुलत दीर जागीच गेले. यांच्या फक्त हाताला मार लागला. तेव्हापासून हे स्टिअरिंगला हात लावत नाहीत, रात्री ओरडून उठतात नि ओट्यावर जाऊन बसतात, लग्नाला जायचं म्हटलं तरी त्या रस्त्याने नको म्हणतात. काय होतंय विचारलं की एवढंच, "डोयासमोरथून जातच नही." सासूबाईंनी उतारा केला, भगताकडेही नेलं. पुण्याचा माझा भाऊ म्हणतो डोळे फिरवायची थेरपी असते. हे संमोहन असतं का? माणूस सगळं विसरतो का? आणि हे घरात बोलत नाहीत ते परक्या डॉक्टरांपुढे काय बोलणार?
— एक भगिनी, पारोळा तालुका

ताई, सगळ्यात आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण माझ्या मते तोच मोठा प्रश्न आहे. त्यांना फार बोलावं लागत नाही. या उपचाराची मला सर्वात पटलेली गोष्ट हीच आहे की झालेला प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची सक्ती यात नसते.

तुमच्या मिस्टरांनी जे वाक्य म्हटलंय ना, डोळ्यांसमोरून जातच नाही, ते अगदी शब्दशः खरं आहे, तो काही बोलायचा प्रकार नाही. साधी आठवण कशी असते बघा, मागच्या श्रावणात कानबाईच्या रोटांना घरात किती माणसं होती, कोण रुसलं होतं, हे तुम्हाला आठवतं, पण आठवताना तुम्हाला माहीत असतं की ते मागच्या वर्षीचं आहे, झालं गेलं. त्या रात्रीची आठवण तशी जुनी झालेलीच नाही. तो अचानक समोर आलेला काळा आकार, तो आवाज, डिझेलचा वास, हाताची कळ, सगळं जसंच्या तसं पडून आहे, आणि बाहेर कुठे ट्रॅक्टर गुरगुरला किंवा कोणी करकचून ब्रेक दाबला की शरीर परत त्याच रात्रीत जातं, छाती धडधडते, घाम फुटतो, कधी कधी चिडून अंगावर येतो माणूस. एक महिन्याच्या वर हे असं चाललं, झोप गेली, त्या जागा टाळणं सुरू झालं, कामधंदा बसला, तर त्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. यात बाहेरचं काही नाही, वेड नाही, आणि "मन कमजोर आहे" हे तर बिलकूल नाही.

आता उपचार. पूर्ण नाव मोठं आहे, आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग. फ्रान्सिन शपिरो नावाच्या अमेरिकन बाईंनी सुरू केला, 1987 मध्ये त्या एका बागेत फिरत होत्या, मनात त्रास देणारे विचार होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की डोळे आपोआप इकडून तिकडे भरभर हलल्यावर त्या विचारांचा त्रास कमी वाटतोय. तिथून पुढे त्यांनी पद्धत बांधली. तिचे आठ टप्पे आहेत, आणि हे नीट लक्षात घ्या की डोळ्यांचं काम चौथ्या टप्प्यापासून सुरू होतं, त्याच्या आधीचे तीन टप्पे म्हणजे माणसाची सगळी माहिती घेणं, त्याला सावरायला शिकवणं, आणि नेमक्या कुठल्या आठवणीवर काम करायचं ते ठरवणं. म्हणजे गेल्या गेल्या कोणी तुमच्या मिस्टरांसमोर बोटं हलवायला लागला तर तिथून उठून या.

सावरायला शिकवणं म्हणजे काय तर मनातली एक सुरक्षित जागा शोधायची, कोणाला शेतातली विहिरीजवळची लिंबाची सावली आठवते, कोणाला आजीचं माजघर, आणि घाबरल्यासारखं झालं की तिथे परत यायची सवय करायची, श्वास सावकाश करायचा. हे जमल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग विचारतात, त्या रात्रीचं सर्वात वाईट चित्र कोणतं? फक्त एक चित्र. ते बघताना स्वतःबद्दल मनात काय येतं? बहुतेक त्यांच्या मनात येत असेल "माझ्यामुळे गेला". त्याऐवजी काय वाटायला हवं होतं? त्रास 0 ते 10 मध्ये किती? अंगात कुठे जाणवतो, छातीत, गळ्यात, पोटात? एवढं झालं की थेरपिस्ट समोर थोडं तिरकं बसून दोन बोटं डावीकडून उजवीकडे नि परत अशी फिरवतात, यांनी डोकं न हलवता नुसत्या डोळ्यांनी बोटांचा पाठलाग करायचा आणि ते चित्र मनात धरायचं. अर्धा मिनिटभर. मग थांबा, श्वास घ्या, आता काय येतंय? यांनी म्हटलं "हात दुखतोय", की बरं, त्याच्यावर लक्ष ठेवा, परत बोटं. परत थांबा. "त्याची आई आठवली." बरं, चला पुढे. असं चालतं. थेरपिस्ट वाद घालत नाही, समजावत बसत नाही, "तुमची चूक नव्हती" असं गळी उतरवत नाही. ज्यांना डोळ्यांनी त्रास होतो त्यांच्या हातांवर आळीपाळीने टिचकी मारतात किंवा हेडफोनमधून एकदा या कानात एकदा त्या कानात आवाज देतात.

संमोहन नाही हे. माणूस पूर्ण जागा असतो, कधीही हात वर करून थांबा म्हणू शकतो. आणि विसरत तर काहीच नाही, तुमचे दीर गेले हे त्यांना मरेपर्यंत आठवणार आणि आठवायलाच पाहिजे, फक्त ते चित्र हळूहळू लांब जातं, फिकट होतं, 9 चा त्रास 5 वर येतो, मग 2 वर, आणि बऱ्याचदा माणूस स्वतःहून म्हणतो की ट्रॉलीला लाइट नव्हता, मी ब्रेक मारला होता, मला जेवढं करता आलं तेवढं केलं. हे वाक्य आतून यावं लागतं. आठ महिन्यांत तुम्ही सगळ्यांनी हेच त्यांना शंभरदा सांगितलं असेल, लागू पडलं नाही ना?

एक सेशन तास-दीड तासाचं असतं. एकाच मोठ्या प्रसंगाचा त्रास असेल तर साधारण 6 ते 12 सेशन धरून चला, काहींना कमी लागतात. सेशननंतर दोन-चार दिवस स्वप्नं वाढू शकतात, जुनं काहीतरी वर येऊ शकतं, ते त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असलं की घाबरायला होत नाही. आणि ताई, एक चौकशी करा, हे मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या आणून घेत नाहीयेत ना? किंवा रात्रीची दारू? असेल तर लपवू नका, डॉक्टरांना पहिल्या भेटीत सांगा. झोपेच्या गोळीने रात्र निघते पण ती आठवण आहे तिथेच राहते, आणि आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी अशा गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2013 मध्ये सांगितलंय. पण मानसोपचारतज्ज्ञांनी विचार करून दिलेली दुसरी औषधं चालू असतील तर ती स्वतःहून बंद करायची नाहीत, थेरपी आणि गोळ्या दोन्ही सोबत चालू शकतात.

ताई, मी कॉलेजला आहे, वय 20. लहानपणी नात्यातल्या एका माणसाने माझ्यासोबत खूप वाईट केलं, तीन-चार वर्षं. घरी कोणालाच माहीत नाही. एकदा एका ठिकाणी काउन्सेलिंगला गेले तर मला सगळं डिटेलमध्ये सांगायला लावलं, दोनदा, मी नंतर गेलेच नाही. ईएमडीआरमध्ये सांगावं लागत नाही हे खरं आहे का?
— एक वाचक, शहादा

बाळा, पहिल्यांदा हे की तू लिहिलंस ते खूप मोठं केलंस. आणि तू परत गेली नाहीस यात तुझं काही चुकलं नाही.

मी हे काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षांतली गोष्ट सांगते. एक बाई यायची, घराला आग लागली होती, तिचं लेकरू गेलं होतं. मला शिकवलं होतं की मोकळं केलं पाहिजे, बोलतं केलं पाहिजे, म्हणून मी प्रत्येक भेटीत तिला सुरुवातीपासून सांगायला लावायचे. तिसऱ्या भेटीत सांगता सांगता तिची दातखीळ बसली. चौथ्यांदा ती आली नाही. मला त्या बाईची माफी मागायची होती, पण ती परत भेटली नाही. तेव्हापासून मी हे प्रत्येक ठिकाणी सांगते, माणूस तयार नसताना, त्याला सावरायचं कसं हे शिकवलेलं नसताना जखमेवरची खपली काढायची नसते. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या उपचारांबद्दलच्या सूचनांमध्येही स्पष्ट आहे की प्रसंग घडल्यावर लगेच माणसाला बसवून सगळं वदवून घेण्याचं सेशन आघाताच्या त्रासासाठी करू नका म्हणून.

हो, ईएमडीआरमध्ये तपशील सांगावा लागत नाही. "ती खोली" एवढं म्हटलंस तरी चालतं. चित्र तुझ्या मनात असतं, थेरपिस्टला ते दिसायची गरज नाही. पण तुझ्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे, तुझा हा एक प्रसंग नाही, वर्षानुवर्षं चाललेलं आहे आणि तेही लहान वयात, म्हणून तुझी तयारीची पायरी लांब असणार, कदाचित दोन-तीन महिने नुसतं सावरायलाच शिकशील, आणि ते बरोबरच आहे. कधी कधी तुला असं होतं का की आपण इथे नाहीच, अंगातून बाहेर निघून बघतोय, किंवा मधला वेळ आठवतच नाही? होत असेल तर पहिल्याच भेटीत सांग, कारण तेव्हा घाईने आठवणीला हात लावणं धोक्याचं असतं. स्वतःला इजा करावीशी वाटली, जगणं नको वाटलं, तर सेशनची वाट बघायची नाही, 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, आणि नाव सांगायलाच पाहिजे असं नाही.

थेरपिस्ट कसा निवडायचा तर सरळ विचार, लाजू नकोस. तुमचं मूळ शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का? ईएमडीआरचं पूर्ण ट्रेनिंग झालंय का, की एका दिवसाची कार्यशाळा? ट्रेनिंगनंतर कोणाच्या देखरेखीखाली केसेस केल्यात का? जो यावर चिडेल त्याच्याकडे जायचं नाही. तुला बाई हवी असेल तर तसं सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे. खान्देशात हे ट्रेनिंग घेतलेली माणसं शोधावी लागतात, नाशिक-पुण्यापर्यंत जावं लागू शकतं, पण ऑनलाइनही हा उपचार करतात, कोरोनापासून तर बरंच वाढलंय, फक्त तुझ्याकडे दार लावून बसता येईल अशी खोली पाहिजे आणि सेशननंतर तासभर कोणी कामाला हाक मारणार नाही एवढं पाहिजे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या मानसोपचार विभागातून सुरुवात केलीस तरी चालेल.

तुम्ही नेहमी विज्ञानाच्या बाजूने लिहिता म्हणून विचारतो. आमच्याकडे भगत मोरपिसांचा कुंचा फिरवतो, तुमचा थेरपिस्ट बोटं फिरवतो. दोघंही म्हणतात बरं वाटेल. फरक काय? मी 34 वर्षं विज्ञान शिकवलं, मला हे पटत नाही.
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

सर, तुम्ही विचारलंत याचा मला खरंच आनंद झाला कारण नुसतं "परदेशात करतात" म्हणून मान डोलावण्यापेक्षा हा प्रश्न शंभर पटीने बरा.

तुमची शंका तज्ज्ञांनीही घेतलेली आहे. शपिरोंचा पहिला अभ्यास 1989 मध्ये आला, त्यात फक्त 22 माणसं, तपासणाऱ्याही त्या स्वतः, आणि एकाच सेशनमध्ये एवढा फरक पडला म्हणाल्यावर लोकांनी भुवया उंचावल्या, आणि उंचवायलाच पाहिजे होत्या. पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या लोकांनी, चिठ्ठ्या टाकून गट पाडून चाचण्या केल्या, काहींना हा उपचार, काहींना दुसरा, काहींना नुसतं थांबायला सांगून. त्यांतून दिसलं की पीटीएसडीवर हा चालतो, आणि आघातासाठीची जी दुसरी मान्य थेरपी आहे, विचार आणि वागणुकीवर काम करणारी सीबीटी, तिच्या साधारण बरोबरीने चालतो. म्हणून 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्हींची शिफारस केली आणि 2018 मध्ये नाइसनेही मोठ्या माणसांसाठी दोन्ही ठेवल्या. तिथेही नाइसने युद्धातल्या आघाताला ईएमडीआरच्या शिफारशीतून वेगळं काढलं, सगळ्यांना सरसकट दिलेलं नाही.

आता डोळ्यांचं. डोळे हलवण्याने काही होतं का, की बाकी पद्धतच काम करते आणि बोटं नुसती शोभेला आहेत? यावर जोरदार वाद झालाय. टीकाकारांचं म्हणणं होतं की यातलं जे गुणकारी आहे ते जुनंच आहे आणि जे नवीन आहे त्याचा उपयोग नाही. 2001 मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर डोळ्यांमुळे वेगळा फायदा दिसला नाही. 2013 मध्ये परत अशीच मोजणी झाली त्यात फायदा दिसला. म्हणजे हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी तो मिटला असं तुम्हाला सांगणार नाही.

कारण काय असावं याबद्दल मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण तुम्हालाही आवडेल असं वाटतं, कारण ते घरी करून बघता येतं (त्रासदायक आठवणीवर नको, एखाद्या साध्या आठवणीवर). आपण एखादी गोष्ट मनात धरतो तेव्हा त्या कामचलाऊ स्मरणाची जागा फार थोडी असते. 17 चा पाढा म्हणता म्हणता फोन नंबर लक्षात ठेवून बघा. तसंच चित्र मनात धरून त्याच वेळी डोळ्यांनी बोटांचा पाठलाग केला की दोन्हींना जागा पुरत नाही, चित्र फिकं पडतं, आणि फिकं पडलेलंच परत साठवलं जातं. याला आधार असा की डोळे आडवे न हलवता वर-खाली हलवले तरी परिणाम होतो, उलटे आकडे मोजायला लावले तरी थोडाफार होतो. मग "डावा मेंदू उजवा मेंदू जोडला जातो" वगैरे जे सांगत फिरतात ते यात बसत नाही, आणि कोणी तुम्हाला तसं ठामपणे सांगितलं तर तिथे तुमचं मास्तरपण जरूर वापरा.

आणि भगत? सर, फरक एवढाच की इकडे कोणाला फायदा झाला नाही तेही लिहून ठेवावं लागतं. भगताच्या वहीत ते पान नसतं. पण जे लोक भगताकडे जातात त्यांना मी हसत नाही, रात्री पोरगं किंचाळून उठतं, जवळ डॉक्टर नाही, तर आई काय करणार, जे दार उघडं दिसेल तिकडे धावणार. लिंबू-नारळाने कोणाचा जीव जात नाही, उपचाराला उशीर होतो तो जास्त घातक. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके, साखळीला बांधणं हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तुमच्यासारख्या शिक्षकाचा शब्द गावात अजून चालतो, तेव्हा असं कुठे दिसलं तर बोला.

मी रेल्वेत इंजिनवर असतो. दोन वर्षांत दोनदा माणूस समोर आला, ब्रेक लावून उपयोग नव्हता. यूट्यूबवर ईएमडीआरचे व्हिडिओ आहेत, हिरवा ठिपका इकडून तिकडे जातो, रात्री ते बघतो. परवा बघताना एकदम सगळं आठवलं आणि पहाटेपर्यंत हात कापत होते. चालू ठेवू का?
— भुसावळ

दादा, नाही. आजच बंद करा.

ठिपका तुमच्यासमोर आठवण उघडी करतो, पण ती उघडी झाल्यावर तुम्हाला सावरायला स्क्रीनमागे कोणी नसतं. थेरपिस्टचं निम्मं काम हेच असतं, कुठे थांबायचं, कधी सुरक्षित जागेवर परत आणायचं, सेशन अर्धवट राहिलं तर ते नीट बंद करून मगच माणसाला घरी सोडायचं. फिट येण्याचा त्रास किंवा डोळ्यांचं काही दुखणं असेल तर तेही आधी बघावं लागतं. रात्री परत तसं झालं तर दिवा लावा, पाय जमिनीला घट्ट टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजची तारीख म्हणा, थंड पाण्याने तोंड धुवा. आणि डॉक्टर गाठा, दोन प्रसंग आणि वर रोज तेच काम, हे एकट्याने ओढायचं नसतं. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला किती अंतर लागतं हे तुमच्यापेक्षा कोणाला जास्त माहीत, तरी मन "मी थांबवायला हवं होतं" म्हणत असेल. थेरपिस्टना ते पहिलं सांगा.

माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा मित्र विहिरीत पडला, लोकांनी काढला, वाचला तो. पण माझा मुलगा आता एकटा झोपत नाही, गादी ओली करतो, सारखा तोच खेळ खेळतो, बाहुलं पाण्यात टाकायचं आणि काढायचं. याला ही थेरपी द्यायची का?
— एक आई, चोपडा

तीन आठवडे म्हणजे अजून फार दिवस झालेले नाहीत ताई, पहिल्या महिन्यात मुलांमध्ये हे सगळं दिसतं आणि बरीच मुलं घरच्यांच्या आधाराने आपोआप सावरतात. जवळ झोपू द्या. गादीवरून रागावू नका, चेष्टा तर कोणालाच करू देऊ नका. शाळा आणि जेवणाची वेळ नेहमीसारखी ठेवा. मित्र वाचलाय, त्याला घरी बोलवा, दोघांना खेळू द्या. बाहुल्याचा खेळ थांबवू नका, तो त्यातून काहीतरी जुळवतोय, फक्त बघा की खेळात बाहुलं बाहेर निघतंय ना. दरवेळी बुडतंच असेल, किंवा महिन्याच्या वर हे असंच राहिलं, वाढलं, तर बालमानसतज्ज्ञांकडे न्या. मुलांसाठी साधारणपणे सीबीटीचा प्रकार आधी बघतात, ईएमडीआरही मुलांना देतात, चित्र काढायला लावून, गोष्टीतून.

एक छोटीशी गोष्ट मात्र घरी करता येते. 1997 मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को भागात मोठं चक्रीवादळ आलं होतं, तिथल्या मुलांबरोबर काम करताना फुलपाखराची मिठी ही रीत निघाली. दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवायचे, बोटं खांद्याखाली, आणि फुलपाखराच्या पंखांसारखं एकदा इकडे एकदा तिकडे हलकेच थोपटायचं, श्वास सावकाश. झोपताना दोघंही करा. विहिरीबद्दल विचारत विचारत नको, नुसतं दिवसभरात जे छान झालं ते आठवून.

परीक्षेची भीती, दारू, डिप्रेशन, कंबरदुखी, सगळ्यावर ईएमडीआर चालतं अशी जाहिरात वाचली. खरं का?
— धुळे

आघातानंतरच्या त्रासावर पुरावा भक्कम आहे. डिप्रेशन, भीतीचे झटके, व्यसन, जुनाट दुखणं यांच्यावर अभ्यास चालू आहेत, काही ठिकाणी आशा दिसते, पण तेवढा भक्कम नाही. या त्रासांच्या मुळाशी एखादा जुना प्रसंग असेल, उदाहरणार्थ वडिलांनी शेतात जीव दिला आणि पहिल्यांदा ते मुलानेच बघितलं, तर त्या भागावर याचा उपयोग होऊ शकतो, पण कर्ज तसंच राहतं, पाऊस तसाच राहतो, त्यासाठी वेगळी मदत लागते. एका उपचारात सगळे आजार बरे करणाऱ्या जाहिरातीवर पैसे घालू नका, मग ती कशाचीही असो.

ताई, मी साक्री तालुक्यातला, वय 71. माझ्या नातवाचा मोटरसायकलचा अपघात झाला, सोबतचा मित्र गेला. नातू दवाखान्यातून घरी आलाय. रोज दहा-वीस माणसं भेटायला येतात, प्रत्येक जण विचारतो कसं झालं, गाडी कोण चालवत होतं, तो लगेच गेला का. नातू सांगतो आणि मग दिवसभर बोलत नाही. लोकांना नको कसं म्हणू? आमच्याकडे भेटायला यायची रीत आहे.

आबा, रीत चांगली आहे, ती मोडू नका. संकटात माणसं घरी येतात म्हणून तर आपल्याकडचा माणूस एकटा पडत नाही. मोडायचा आहे तो फक्त प्रश्न. दिवसातून वीसदा तो मुलगा त्या रस्त्यावर परत जातोय, आणि वीसदा तिथून त्याला एकट्यालाच परत यावं लागतंय. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं, रात्री तुमच्याजवळ येऊन बसला, तर ऐका, मध्ये तोडू नका, पण कोणी विचारलं म्हणून सांगायचं नाही. महिनाभर बघा, झोप-जेवण जागेवर येत नसेल तर साक्रीहून धुळं लांब नाही, सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात दाखवा, आणि वर लिहिलेला उपचार कुठे मिळेल ते तिथे विचारा.

तोवर एक करा. खाट ओट्यावर टाकून तुम्हीच दारात बसा. जो येईल त्याला आधी तुमच्याजवळ बसवा, चहा-पाणी द्या, काय झालं ते तुम्ही एकदा थोडक्यात सांगा, आणि आत जाण्याआधी आपल्या बोलीत सरळ म्हणा, "त्याले काहीच इचारू नका, जे इचारनं शे ते माले इचारा." आत गेल्यावर मग कांद्याचा भाव बोला, पाऊस बोला, क्रिकेट बोला, नाहीतर नुसतं त्याच्याजवळ बसा.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना नाव-गाव लिहायलाच हवं असं नाही. त्रास किती दिवसांपासून आहे, झोप कशी आहे आणि कोणती औषधं चालू आहेत एवढं मात्र जरूर लिहा.)